'फ्री'ची जाहिरात, पुडीचं मौन

दादरला रानडे रोडवरच्या एखाद्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. शाम्पूच्या बाटल्या आत काय आहे यापेक्षा काय नाही हेच जास्त सांगतात. पॅराबेन-फ्री, सल्फेट-फ्री, टॉक्सिन-फ्री, केमिकल-फ्री. कवितांपेक्षा कितीतरी जास्त वेळा आपण हा मजकूर वाचतो. मग त्याची समीक्षा का करू नये?

आधी एक गोष्ट मान्य करू. या मजकुरामागची भीती खोटी नाही. हार्मोन अगदी थोड्या मात्रेत शरीरभर निरोप पोचवतात. काही रसायनं या निरोपांची नक्कल करतात, काही त्यांची वाट अडवतात. क्रीम टिकावं म्हणून घातलेले पॅराबेन, सुगंध टिकवणारी काही थॅलेट, जंतुनाशक ट्रायक्लोसान, सनस्क्रीनमधलं बेन्झोफेनोन-३ ही संशयितांच्या यादीतली ठळक नावं. युरोपीय संघाने 2014 साली पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली. अमेरिकेने 2016 साली जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसान काढायला लावलं.

आपल्याकडेही यावर काम झालंय. दादरहून एक स्टेशन पुढे, परळला, आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकत्याच जन्मलेल्या नर उंदरांना बिस्फेनॉल ए टोचलं, तर मोठेपणी त्यांची प्रजननक्षमता घटते, असं त्यांना दिसलं. हे रसायन प्लास्टिकमधलं, क्रीममधलं नव्हे. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण एक मुद्दा इथेही लागू होतो: किती मात्रा, याइतकंच कोणत्या वयात, हेही महत्त्वाचं.

आता लेबलाकडे वळू. 'फ्री' हा शब्द माहिती देत नाही, दिलासा विकतो. पॅराबेन काढलं तरी क्रीमला बुरशी लागू नये म्हणून दुसरं काहीतरी घालावंच लागतं. युरोपात त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला आणि त्वचेच्या ॲलर्जीही वाढल्या. शेवटी अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनमधून 2017 साली तेही काढावं लागलं. 2019 साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या एका संघटनेने पॅराबेनला 'वर्षातलं नॉन-ॲलर्जेन' असा किताब दिला. म्हणजे ॲलर्जीच्या बाबतीत बदनाम पॅराबेनच साळसूद निघालं. हार्मोनचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण 'अमुक नाही म्हणजे सुरक्षित' हे गणित मात्र चुकतं.

'नॅचरल'चंही तेच. 2007 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन लहान मुलांच्या छातीच्या वाढीचा संबंध लॅव्हेंडर आणि टी ट्री तेल असलेल्या प्रसाधनांशी जोडला. त्या निष्कर्षावर पुढे वाद झाले. तरी प्रश्न उरतोच: वनस्पतीतून आलेला रेणू शरीराशी नम्रपणेच वागेल, हे कुणी ठरवलं?

मग लेबल वाचणं निरर्थक आहे का? नाही. कॅलिफोर्नियात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 100 किशोरवयीन मुलींना तीन दिवस निवडक प्रसाधनं वापरायला दिली. त्यांच्या लघवीतलं मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेन सुमारे 45 टक्क्यांनी घटलं, ट्रायक्लोसान 36 टक्क्यांनी. पण त्या मुलींसाठी वस्तू संशोधकांनी निवडल्या होत्या. तरीही दुसऱ्या दोन पॅराबेनचं प्रमाण थोडं वाढलंच. जे संशोधकांना पूर्ण जमलं नाही, ते दुकानात उभ्या असलेल्या मुलीने मोबाइलवर शोधून जमवावं, अशी आपली अपेक्षा आहे.

आणि तिच्या हातात काय आहे? भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे. त्याखालचे कसेही. पॅराबेनसारखे परिरक्षक सहसा एक टक्क्याच्या आतच असतात. म्हणजे ज्याची काळजी वाटते, त्याचं प्रमाण यादीवरून कळतच नाही. 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दामागे डझनावारी पदार्थ लपतात.

याहून मोठं मौन लालबाग-परळच्या वाण्याच्या दुकानात माळेसारखं टांगलेलं असतं. 60 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव किंवा 30 ग्रॅमपेक्षा कमी क्रीम-पावडर असलेल्या पाकिटावर घटकांची यादी छापायची सक्तीच नाही. काही कंपन्या तरीही छापतात, पण ती त्यांची मर्जी. जिला अख्खी बाटली परवडते, तिला निदान अर्धवट मजकूर मिळतो. जी रोज एक पुडी फाडते, तिला तोही मिळेल याची खात्री नाही.

म्हणून माझी तक्रार लेबल न वाचणाऱ्या मुलीविरुद्ध नाही. 'जागरूक ग्राहक व्हा' हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो कायद्याचं काम आपल्या पर्समध्ये टाकतो. मागायचं असेल तर हे मागू: पुडीवरही यादी, 'फ्रॅग्रन्स'च्या आतली नावं, संशयित घटकांचं प्रमाण, आणि हे सगळं भिंग न लावता वाचता येईल अशा मराठीत. 'फ्री' हा शब्द मग त्यांनी खुशाल छापावा. तो खरा आहे की नाही, ते आपल्याला तपासता येईल.