मेंदूतले काळे ठिपके आणि अर्धवट वाचलेला आकडा

दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक येऊन गेलेल्या माझ्या मावशीच्या नव्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'मायक्रोब्लीड्स' असा शब्द आला आणि तिने रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करून टाकली. मेंदूत रक्तस्राव म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? म्हणून आज या विषयावरचा २०१९चा, 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मधला एक पेपर जरा चिकित्सकपणे वाचूया.

आधी हे ठिपके म्हणजे काय ते बघा. बारीक रक्तवाहिनीतून थोडंसं रक्त झिरपतं, ते साफ होतं, पण त्यातलं लोह तिथेच राहतं. एमआरआयवर दिसतो तो या लोहाचा डाग, तोही प्रत्यक्षापेक्षा मोठा. म्हणजे ही मागे राहिलेली खूण आहे, वाहतं रक्त नव्हे.

या पेपरमध्ये स्ट्रोक किंवा टीआयए होऊन गेलेल्या २०,३२२ रुग्णांची, ३८ अभ्यासांतली माहिती एकत्र केली आहे. ठिपके असलेल्यांत मोठ्या रक्तस्रावाचा धोका २.४५ पट निघाला. बहुतेक जण इथेच वाचन थांबवतात. पण अडीचपट म्हणजे कशाच्या? पुढे वाचा: दहा किंवा जास्त ठिपके असलेल्या १००० रुग्णांमागे वर्षाला रक्तस्राव २७, आणि गुठळीमुळे होणारे स्ट्रोक ६४! ठिपके एवढे असूनही गुठळीचंच पारडं जड.

मग गोळी सुरक्षित म्हणायची का? इथे माझा आक्षेप आहे. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. कुणाला गोळी द्यायची हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेलं. जास्त धोक्याचे रुग्ण त्यात आलेच नसतील. शिवाय हे ६४ स्ट्रोक बहुतांशी गोळी चालू असताना झालेले. गोळी थांबवली असती तर काय झालं असतं, हे या आकड्यांतून कळत नाही.

त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्या हव्यात. ब्रिटनमधल्या 'रीस्टार्ट' चाचणीत ब्रेन हॅमरेजमधून वाचलेले ५३७ जण होते. ठिपके असले की ॲस्पिरिनसारखी गोळी घातक ठरते, असा पुरावा तिथे मिळाला नाही. पण एमआरआय झालेले रुग्ण थोडेच, त्यामुळे हाही शेवटचा शब्द नाही.

मावशीला मी एवढंच म्हटलं, "ठिपके किती, कुठे आणि बीपी किती, हे विचारायला डॉक्टरांकडे जा. गोळीचं तेच ठरवू देत." रिपोर्टमधल्या एका शब्दावरून तुम्हीही परस्पर काही ठरवू नका.