पहिला कोण बोलला?

आपल्या कवितेत बलात्कार झालेली बहीण फार येते. ती पेटते, मशाल होते. "अब्रू लुटली" असंही आपण बिनदिक्कत लिहितो. अरे, अब्रू गेली ती करणाऱ्याची! शब्द मात्र तिच्या गळ्यात. आणि तीच बहीण वस्तीत परत आल्यावर आपण तिच्याशी काय बोललो, ते एकाही कवितेत नाही. माझ्याही नाही.

आमच्या सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला एकानं अशीच बातमी मोठ्यानं वाचली. दुसरा म्हणाला, "एवढ्या रात्री काय ठेवलं होतं तिचं तिथं?" दोघं हसले. माझ्या शेजारच्याला हसायचं नव्हतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मग तोही हसला. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. माणसाचं मत असं बनतं, मित्रांनो. पहिला बोलतो, बाकीचे शिकतात. गप्प बसणाराही शिकवतोच.

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज आठवा. २६ मार्च १९७२ ची रात्र. मजुरी करणारी कोवळी आदिवासी पोर. पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला, असं तिनं बाहेर येऊन सांगितलं. बाहेर जमलेल्या गरीब माणसांनी तिची चालचलणूक नाय विचारली. ठाणं जाळू म्हणाले! तेव्हा कुठं तिची फिर्याद लिहिली गेली.

मग शिकलेल्यांची पाळी आली. १९७४ ला सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं. १९७६ ला नागपूर खंडपीठानं दोन्ही पोलिसांना शिक्षा दिली; भीतीनं सोसणं म्हणजे संमती नव्हे, असं मानलं. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे झगडली नाही!

पोर तीच, रात्र तीच. फिरली ती बघणाऱ्यांची नजर.

१९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० ला बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला: कोठडीत संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते धरून चालायचं. सुटलेले मात्र सुटलेच.

कवींनो, तिला मशाल करू नका. तिला घरी चहा पाजा, तिचं ऐका. कार्यकर्त्यांनो, वस्तीत अशी कुणी सांगायला आली, तर पहिलं वाक्य तुमचं असू द्या: "बाई, आमचा तुझ्यावर विश्वास आहे." दुसऱ्या कुणी तोंड उघडायच्या आत.