साखर मेंदूत फसवते

कर्करोगावरील लोकप्रिय लेखांत पेट तपासणी बहुधा एका वाक्यात उरकलेली असते : गाठीला साखर फार लागते, म्हणून किरणोत्सारी साखर टोचली की गाठ उजळते. वाक्य खोटे नाही; पण मेंदूबाबत ते विद्यार्थ्याला चकवते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, ऊर्जेचा खप मात्र सुमारे २० टक्के, आणि तोही मुख्यतः ग्लुकोजचा. म्हणजे निरोगी मेंदूच उजळलेला! औंधला यमाईची दीपमाळ पेटली असताना पायथ्याची एकच पणती दुरून वेगळी कशी दिसावी? झपाट्याने वाढणारी गाठ कधी दिसते. मंद वाढणारी हरवते. गंमत म्हणजे फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज हा मागोवक मुळात मेंदूच्या अभ्यासासाठीच बनवला गेला. १९७६ साली तो अमेरिकेत ब्रुकहेवनहून विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन माणसावर प्रथम वापरला.

प्रश्न केवळ चित्राच्या सुबकपणाचा नाही. किरणोपचारानंतर एमआरआयमध्ये डाग दिसला, तर ती परतलेली गाठ की किरणांनी मेलेली ऊती? पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यावर ठरते. येथे अमिनो आम्ले उपयोगी पडतात. निरोगी मेंदू ती कमी घेतो, तर गाठीच्या पेशींवर त्यांची वाहक प्रथिने अधिक असतात.

मेथिओनीन त्यांपैकी एक. त्यावरील कार्बन-११चे अर्धायुष्य अवघे २० मिनिटे. फ्लुओरोएथिल टायरोसीनमधील फ्लुओरीन-१८चे ११० मिनिटे. हा फरक लोकप्रिय लेखांत सहसा येतच नाही, आणि वर्गात शिकवण्याजोगा भाग तर हाच! भारतातील पहिली पेट तपासणी २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली, तीही स्वतःच्या सायक्लोट्रॉनसह. समजा, परळचा मागोवक मोटारीने औंधला आणायचा आहे. प्रवास साडेपाच तासांचा धरू, म्हणजे ३३० मिनिटे. फ्लुओरीनची तीन अर्धायुष्ये उलटतील. आठवा हिस्सा उरेल. कार्बनची साडेसोळा उलटतील. पासष्ट हजारांतला एक भागही उरणार नाही. म्हणून मेथिओनीन सायक्लोट्रॉनच्या शेजारच्या रुग्णालयापुरतेच राहते.

टायरोसीनचा मागोवकही सर्वज्ञ नव्हे. मंद वाढणाऱ्या काही गाठी तोही घेत नाहीत. अशा वेळी चित्रात काही न उजळणे म्हणजे गाठ नसणे असे डॉक्टर धरत नाहीत. ते ऊतीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.