खानदेशांतील शेतघर व ‘गॉथिक’ ही संज्ञा

जुन्या घरास टोंकदार कमान दिसली कीं त्यास ‘गॉथिक’ म्हणून मोकळें होण्याची संवय स्थलवर्णनांत पडूं पाहत आहे. खानदेशापुरती तरी ती तपासणें अवश्य आहे; कारण संज्ञा चुकली कीं काल चुकतो, आणि काल चुकला कीं त्या घरांतील दप्तराची साक्षहि डळमळते.

प्रथम ‘शेतघर’ हा शब्दच घेऊं. आपल्याकडे वस्ती पांढरींत व शेत काळींत. कुणबी राहतो पांढरींत. काळींत असतें तें खळें, माळा आणि राखणीची खोपी. पांढरींतील घराचें माप खणांनीं होतें: सागाचे खांब, त्यांवर तुळया, कडीपाट व मातीचें धाबें. येथें भार वाहते ती तुळई. कमान आलीच तर बहुधा दरवाज्याच्या शोभेपुरती. मूळ गॉथिक पद्धतींत याच्या उलट कमान, फासळ्यांचें छत व बाहेरील धिरे एकमेकांचा भार तोलतात.

कमानीच्या आकारावरूनहि निर्णय होत नाहीं. आदिलशहा फारुकी (राजे अलीखान) यानें बांधलेल्या बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीस दर्शनीं पंधरा टोंकदार कमानी असून, आंत शके १५११ चा संस्कृत लेख आहे. खानदेशांत इंग्रजी अंमल आला १८१८ त. मुंबईचें गॉथिक धर्तीचें अफगाण चर्च १८५८ चें. म्हणजे टोंकदार कमान या प्रांतास इंग्रजांपूर्वीं सव्वादोनशें वर्षें परिचित होती.

यावर कोणी म्हणेल कीं, शोभेची कमानहि गॉथिक असूं शकते. तें खरें आहे. अमेरिकेंत आयोवा प्रांतीं एल्डन येथें १८८१-८२ सालचें लांकडी घर आहे. त्याची टोंकदार खिडकी ग्रँट वुडच्या १९३० च्या चित्रानें जगप्रसिद्ध झाली. ती खिडकीहि भार वाहत नाहीं. परंतु डाउनिंगप्रभृतींच्या नमुनापुस्तकांनीं त्या देशांत रूढ केलेल्या धर्तीशीं तिचा संबंध दाखवितां येतो. मौज ही कीं तें घरहि लहानशा गांवांतील. त्यास शेतघर ठरविलें तें चित्राच्या कीर्तीनें!

तात्पर्य, प्रमाण आकाराचें नसून वंशाचें पाहिजे. संग्राहकांनीं वाड्याचे कागद उतरतांना सुतार-गवंड्यांच्या मजुरीचे जमाखर्च टाकाऊ समजूं नयेत; खण, लांकूड व कारागीर यांची नोंद तेथेंच सांपडण्याचा संभव. तसा पुरावा मिळेतों ‘टोंकदार कमान’ एवढेंच लिहावें. तें थोडें असलें तरी खरें असेल.