बटण कुठलं दाबायचं? ‘कैरोस’ दस्तऐवज पुन्हा वाचताना

मंडळी, निवडणूक जवळ आली की चर्चच्या आवारात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, राजकारण घाणेरडं, आपण प्रार्थना करावी. दुसरी विचारतात, फादर, बटण कुठलं दाबायचं तेवढं सांगा. माझ्या मते दोघंही एकच गोष्ट टाळतात : स्वतः विचार करण्याची जबाबदारी.

आज ज्या दस्तऐवजाबद्दल बोलायचं आहे, त्यानं ही पळवाट बंद केली. सप्टेंबर १९८५. दक्षिण आफ्रिकेत आणीबाणी होती, वर्णद्वेषी सरकारचं सैन्य वस्त्यांमध्ये शिरलं होतं. दीडशेहून अधिक ख्रिस्ती लोकांनी ‘कैरोस’ दस्तऐवजावर सह्या केल्या. कैरोस म्हणजे निर्णयाची घटका.

त्याचा पहिला घाव बसतो तो रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या वापरावर. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, असं पौल सांगतो. म्हणून सरकारविरुद्ध बोलणं हे पाप, असं तिथे शिकवलं जाई. दस्तऐवज विचारतो : पौल कोणाला लिहीत होता? ख्रिस्ती झालो, आता कुठलीच सत्ता आपल्यावर नाही, असं समजणाऱ्यांना. जुलमी राज्याचं काय करावं, हा त्याचा प्रश्नच नव्हता. आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात सत्ता श्वापदाच्या रूपात येते, ते का वाचत नाही?

दुसरा घाव चर्चवर आहे, आणि तो जास्त लागतो. ‘समेट करा’ असं चर्च दोन्ही बाजूंना सांगत होतं. पण एक बाजू मारते आणि दुसरी मार खाते, तेव्हा न्यायाआधी समेट मागणं म्हणजे मारणाऱ्याचीच सोय.

आता मताकडे येऊ. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. १९८३च्या राज्यघटनेनं मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाच्या लोकांना वेगवेगळी सभागृहं दिली. कृष्णवर्णीयांना काहीच नाही. १९८४मध्ये त्या मतदानावर मोठा बहिष्कार पडला, आणि अॅलन बुसाक यांच्यासारखे पाळक त्या मोहिमेत पुढे होते. शेजाऱ्याला वगळून मिळालेलं मत त्यांनी नाकारलं. हे घरी बसणं नव्हे बरं का! आळसानं मत न देणं वेगळं.

माझा आक्षेप एकाच ठिकाणी आहे. देव पीडितांच्या बाजूनं आहे, हे दस्तऐवज ठामपणे सांगतो. बरोबरच आहे. पण पीडितांचा पक्ष उद्या सत्तेवर आला, तर देव त्या पक्षाचा होतो का? या धोक्याला दस्तऐवजानं पुरेशी जागा दिली नाही.

उत्तर दिलं ते डेस्मंड टुटूंनी. २७ एप्रिल १९९४ला वयाच्या ६२व्या वर्षी त्यांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. त्याच वर्षी लोकप्रतिनिधींच्या भरमसाट पगारांवरून ते मंडेलांच्या सरकारवर बोलले. २०११मध्ये दलाई लामांच्या व्हिसावरून पुन्हा कडाडले. सरकार आपलं म्हणून त्यांनी जीभ आवरली नाही.

आपल्याकडे धर्माच्या नावावर मत मागणं कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं. मला ती श्रद्धेवरची बंदी वाटत नाही. श्रद्धा मतदाराला प्रश्न देते : माझ्या मतानं माझ्या गल्लीबाहेरच्या, माझ्या धर्माबाहेरच्या दुबळ्याचं काय होईल? बटण मात्र आपलं आपणच दाबायचं. आणि निकालानंतरही, निवडून आलेला आपला असला तरी, हाच प्रश्न विचारत राहायचा.