अरबी वर्णमालेचे अध्यापन आणि मराठी अभ्यासक

अरबी लिपीची जी पाठ्यपुस्तके आपल्याकडे वापरली जातात, त्यांतील बरीचशी इंग्रजी भाषकाच्या अडचणी समोर ठेवून रचलेली आहेत. मराठी मार्गदर्शिकाही पुष्कळदा तीच वाट चोखाळतात. ही वाट मराठी अभ्यासकाला कितपत उपकारक आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. येथील अनेक कोकणी मुसलमान कुटुंबांतील मुले घरी बोली बोलतात, शाळेत मराठी वा उर्दू शिकतात आणि मकतबात ‘कायद्या’तून अरबी अक्षरे गिरवितात. तेथे अक्षर आधी कानावर पडते. उस्तादामागून म्हणत म्हणत उच्चारस्थान जिभेवर बसते. अर्थबोधाकडे होणारे दुर्लक्ष ही या पद्धतीची उणीव खरी. पण उच्चाराच्या बाबतीत ती मार्गदर्शिकांहून सरस आहे.

कारण मार्गदर्शिका कानाऐवजी इंग्रजीचा आधार घेतात. चौथ्या अक्षराचा उच्चार ‘थिंक’ या शब्दाच्या आरंभीच्या व्यंजनासारखा करावा, असे त्या सांगतात. मराठी भाषक मात्र त्या इंग्रजी शब्दातही आपला महाप्राण ‘थ’च उच्चारतो. अरबी ध्वनी घर्षक आहे, ‘थ’ स्पर्श आहे. जे उदाहरण इंग्रजाला सुकर, तेच आपल्याला चकविणारे ठरते.

देवनागरी लिप्यंतराचा दोष याहून गंभीर आहे. जमीन, जिम्मा, जिल्हा आणि जाहीर या चार शब्दांचे आद्य व्यंजन फारसी-अरबी लेखनात चार भिन्न अक्षरांनी दाखविले जाते. मराठीत चारही ठिकाणी ‘ज’ येतो. शिवाय मराठी उच्चारात ‘जमीन’, ‘जाहीर’ यांतील ‘ज’ दंत्य, तर ‘जिम्मा’, ‘जिल्हा’ यांतील तालव्य आहे. हा भेद मूळ अक्षरामुळे नव्हे, तर पुढील ‘इ’ स्वरामुळे पडला आहे. ‘ज’खाली नुक्ता दिल्याने मूळचा चौपदरी भेद परत येत नाही. असे लिप्यंतर वाचून अरबी शिकणारा विद्यार्थी शब्दकोशात शब्द शोधू लागला की अडतो. फारसी कागदपत्रांकडे वळणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याचीही तीच गत होते.

उलटपक्षी, ज्याचा बाऊ केला जातो ते अक्षरांचे रूपांतर तितके कठीण नाही. अठ्ठावीसपैकी केवळ सहा अक्षरे पुढील अक्षराला जोडली जात नाहीत. बाकीच्यांचा सांगाडा सरावाने ओळखू येतो. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत, याचेही मराठी अभ्यासकाने नवल करू नये. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या दस्तऐवज वाचले गेले, कारण वाचकाला भाषा अवगत होती. अरबीतील लोप याहून मोठा असला, तरी संदर्भावरून वाचण्याचे तत्त्व तेच.

तात्पर्य, मराठीतील अरबी प्रवेशिकेचा आरंभ इंग्रजी उदाहरणांनी न होता आपल्या बोलण्यात रुळलेल्या शब्दांनी आणि प्रत्यक्ष श्रवणाने व्हावा. देवनागरी ही पहिल्या काही पाठांपुरती कुबडी असावी. ती वेळीच टाकली नाही, तर वर्णमाला पाठ होईल, पण लिपी वाचता येणार नाही.