रुमाल टाकलेली जागा

यवतमाळच्या स्टँडवर धामणगावकडची एसटी लागली की बाभुळगावचा माणूस दार सोडून आधी खिडकीकडे धावतो. रुमाल, टोपी, पिशवी, काहीच नसलं तर लेकराला आत सोडायचं आणि जागा धरायची. तो रुमाल भांडत नाही, तिकीट काढत नाही. तरी मागून आत शिरलेला धिप्पाड माणूससुद्धा त्याच्याकडे एकदा बघतो आणि पुढे सरकतो. 'हार्थस्टोन'मधला 'लोकेशन' हा पत्त्यांचा प्रकार मला समजला तो या रुमालामुळे.

ब्लिझार्ड कंपनीचा, पडद्यावर खेळायचा हा पत्त्यांचा खेळ २०१४चा. लढणारे गडी, मंत्र आणि शस्त्रं ही पानं त्यात पहिल्यापासून होती. २०१७ साली नायकाचीही पानं आली. ऑगस्ट २०२२मध्ये 'मर्डर ॲट कॅसल नॅथ्रिया' हा संच निघाला आणि जागा हेच एक पान झालं. आपल्या नेहमीच्या कॅटमध्ये राजा, राणी, गुलाम ही माणसं, बाकी सगळी मोजदाद. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पानं घ्या: दहा राजे, दहा प्रधान, उरलेली एक्क्यापासून दश्शीपर्यंत. त्यात राम आहे, अयोध्येचं पान नाही. १९९३च्या 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळात जमिनीची पानं आली खरी, पण त्यांचं मुख्य काम शेतसाऱ्याचं, दर खेपेला बळ पुरवायचं. नॅथ्रियातल्या जागा घरासारख्या आहेत. तिथं कुणाला तरी न्यावं लागतं.

पटावर प्रत्येकाला सातच जागा. 'लोकेशन' मांडलं की त्यातली एक गेली. ते हल्ला करत नाही आणि त्याच्यावरही हल्ला करता येत नाही. समोरच्याचे गडी कितीही दांडगे असोत, त्यांना ते दिसतं, हाती लागत नाही. अशी जागा पाडणारी पानं आहेत, पण मोजकी. मात्र प्रत्येक वापरागणिक तिचं आयुष्य एकेकानं कमी होतं आणि एकदा वापरली की पुढच्या खेपेला ती बंद. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याचं आवर्तन बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाणी सुटलं, बंद झालं, आता पुढची पाळी कधी, याचा हिशेब डोक्यात ठेवूनच पेरायचं. नवखा खेळाडू जागा मांडतो आणि हाताशी आली म्हणून लगेच वापरून टाकतो. मुरलेला थांबतो. दार उघडं ठेवून बसणं ही या पानाची खरी मजा, आणि समोरच्याला टोचतं तेही हेच.

'ग्रेट हॉल' हे पॅलाडिन या नायकवर्गाचं पान बघा. त्यावरची ओळ एवढीच, की एका गड्याचा हल्ला आणि जीव तीन-तीन करा. आपलं एक-एकचं पोर त्या दिवाणखान्यात नेलं तर ते तीन-तीन होऊन छाती काढून बाहेर येतं. समोरचा आठ-आठचा राक्षस नेला तर तोही तीन-तीनच. तोच आकडा एकाला मान, दुसऱ्याला अपमान. पंगतीत वाढपी पाटील आणि सालदार यांच्या पानात सारखंच वरण ओततो, तसं. (बसायला मिळालं तर. आपल्या पंगतींचा इतिहास मला ठाऊक आहे.) लिहिणाऱ्यानं एका आकड्यात आख्खं घर उभं केलंय. वॉरियर या वर्गाचं 'सँग्विन डेप्थ्स' तळघरातलं आहे: गड्याला एक जखम करायची आणि हल्ल्यात दोनची भर घालायची. ते मला थोडं बटबटीत वाटतं. मार खाल्ला की पोरगं तयार होतं, हे आम्ही शाळेतही पुष्कळ ऐकलंय.

२०२२मध्येच आलेल्या 'मार्व्हल स्नॅप' या पत्त्यांच्या खेळातही जागा आहेत, तीन. पण त्या कुणाच्याच नसतात, खेळ सुरू झाला की एकेक उघडत जातात. सरकारी जागा. त्यांच्यावर जीव जडत नाही.

हार्थस्टोनमधल्या जागेवर जडतो, कारण तिची किंमत मोजलेली असते. दोन-तीन जागा मांडून बसलं की ऐनवेळी गड्यांना पाय ठेवायला ठिकाण उरत नाही आणि सजवलेल्या रिकाम्या वाड्यात माणूस हरतो. मीही हरलोय, एसटीत, बाभुळगाव यायच्या आत. गवई जागा घेतो तेव्हा तिच्या आधीची उसंत ऐकणाऱ्याला कळावी लागते. या पानाचंही तसंच आहे.

२०२४च्या 'पेरिल्स इन पॅरडाइज' संचात तर 'सँकॅझेल' नावाचा गडी आला. तो आल्या आल्या धावून जातो, हल्ला करतो आणि तिथंच जागा होऊन बसतो. ती जागा वापरून दुसऱ्या गड्याला बळ दिलं, की पुन्हा गडी होऊन उभा राहतो. आमच्या एसटीतल्या रुमालानं अजून एवढं केलेलं नाही.